मुखाभिघातानंतर नेत्रकोटरात व मस्तिष्काभोवती वायुसंचय : नस्य केव्हा वर्ज्य?

अपघात, मारामारी अथवा चेंडूचा मार यांनंतर सुजलेला डोळा घेऊन रुग्ण पुष्कळदा प्रथम आपल्याच चिकित्सालयात येतो. अशा वेळी केवळ बाह्य शोथाचा विचार करून चालत नाही. सुश्रुताचार्यांनी जत्रूर्ध्व भागात ३७ मर्मे सांगितली असून त्यांपैकी अपांग वैकल्यकर, तर शृंगाटक सद्यःप्राणहर मानले आहे.

संप्राप्ती : नेत्रकोटराची नाकाकडील अस्थिभित्ती कागदासारखी, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते. ती भंगल्यावर रुग्णाने नाक शिंकरले की सायनसमधील हवा दाबाने नेत्रकोटरात शिरते. भंगस्थानचे मृदू धातू झडपेसारखे वागल्यास ती बाहेर पडत नाही. कपालतळाचा किंवा ललाटास्थीतील सायनसच्या मागील भित्तीचा भंग होऊन मस्तिष्कावरणही फाटले असेल, तर हवा मस्तिष्काभोवती साठते. हा प्रकुपित वातदोष नसून बाहेरून शिरलेली हवा आहे. येथे वातशामक तेलाने कार्यभाग साधत नाही.

लक्षणे : नाक शिंकरताच पापणी एकाएकी फुगणे व दाबल्यास बोटाखाली करकर जाणवणे ही प्रमुख खूण होय. ॲलर्जीच्या सुजेत अशी करकर नसते. नाकातून स्वच्छ पाण्यासारखा स्राव, वाढती डोकेदुखी, छर्दी व तंद्रा ही मस्तिष्कगत उपद्रवाची सूचक लक्षणे आहेत.

चिकित्सा : निश्चिती सी. टी. स्कॅननेच होते. नेत्रकोटरातील हवा बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप शोषली जाते. परंतु दृष्टी मंदावणे, डोळा पुढे येऊन ताठ होणे व तीव्र वेदना दिसल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. रक्तपुरवठा खंडित झाल्यास सुमारे दीड-दोन तासांत दृष्टिपटलाची कायमची हानी होऊ शकते. मस्तिष्कगत लक्षणे असल्यासही विलंब करू नये. मस्तिष्कावरणशोथाचा धोका असतो.

अपथ्य : भंग नाही असे ठरेपर्यंत, व भंग आढळल्यास तज्ज्ञांच्या अनुमतीपर्यंत, नस्य, नेती, तपकीर, नाकात बोळा घालणे, नाक शिंकरणे, जोराचा प्राणायाम व विमानप्रवास वर्ज्य समजावेत. क्षवथू हा अधारणीय वेग आहे. तो दाबू नये, तोंड उघडे ठेवून शिंकावे. मलप्रवृत्तीच्या वेळी कुंथू नये.

औषधविक्रेत्यांनीही अणुतेल वा षड्बिंदू तेल मागणाऱ्यास ‘चेहऱ्याला अलीकडे मार लागला आहे का?’ एवढे अवश्य विचारावे. उत्तर होकारार्थी असल्यास तेल न देता त्यास वैद्याकडे पाठवावे. नासा हे शिराचे द्वार होय, हे सूत्र आपण नस्य देताना स्मरतो. ते न देण्याच्या प्रसंगीही तेवढेच स्मरणीय आहे.