जेसीबीने तोडलेली केबल कोण जोडणार?

दहावी-बारावीचे निकाल लागले की करिअर समुपदेशकांचे फोन जेवायच्या वेळीही थांबत नाहीत. प्रश्न दरवर्षी तेच असतात, शाखेचं नाव तेवढं बदलतं. एके काळी इलेक्ट्रॉनिक्स होतं, मग आयटी आलं, आता एआय. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या सोयगाव, बनोटी, फर्दापूर भागातून येणारा ठरलेला प्रश्न असा: "सर, मॅनेजमेंट कोट्यातून एआय-एमएल मिळतंय, घेऊन टाकू का?" फोनवर वडील बोलतात, मागून काका सूचना करतात, आई फीचा आकडा सांगते. ज्याला चार वर्षं शिकायचं आहे त्याचा आवाज मात्र ऐकू येत नाही.

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांसाठी एकाच शब्दाचं आहे: नको.

कॉम्प्युटर शाखेच्या नावापुढे एआय जोडलं म्हणून नोकरी पदरात पडत नाही. त्या विषयाचा पाया संभाव्यता, मॅट्रिक्स आणि कॅल्क्युलस यांचा आहे, आणि ज्याने बारावीचं गणित गाईड पाठ करून काढलं, त्याला तिसऱ्या सेमिस्टरला घाम फुटतो. दुसरी बाजू पुरवठ्याची. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांसाठी एका शाखेतल्या जागांची कमाल मर्यादाच उठवली. जागा वाढल्या, तशी पदव्यांची गर्दीही वाढणार. सामान्य कॉलेजातून, कोट्याने, कर्ज काढून घेतलेली ही पदवी त्या गर्दीत कुठे उभी राहील, याचा हिशेब फी भरण्याआधी कुणी मांडत नाही.

बाकीच्या वाटा सगळ्यांना तोंडपाठ आहेत. फार्मसी, बीएड, पोलीस भरती, एमपीएससी यांवर गावोगावी मार्गदर्शन शिबिरं होतात, फ्लेक्स लागतात. त्यात नव्याने सांगण्यासारखं फारसं नाही. नेटवर्कचा धंदा मात्र कुणी मोजतच नाही. घरात वायफाय बंद पडलं की ज्याच्या नावाने शिमगा होतो, तो माणूस काय शिकलेला असतो आणि पुढे कुठवर जाऊ शकतो, हे पालकांना ठाऊक नसतं.

नेटवर्क इंजिनिअरचं काम कळतं ते जाळं कोलमडल्यावर. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लिंक घेऊन ठेवलेल्या होत्या, तरी दोन्ही डळमळल्या. नंतरच्या खुलाशात कारण निघालं रस्त्यालगतच्या खोदकामाचं आणि बांधकामाचं. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास बंद होते. देखभालीसाठी दिलेल्या एका चुकीच्या आदेशाने कंपनीचं अंतर्गत जाळं तुटलं आणि तिच्याकडे जाणारे रस्ते इंटरनेटच्या नकाशावरून गायब झाले. दुरुस्तीसाठी इंजिनिअरांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागलं. दूर बसून यंत्रात शिरायचे मार्गही त्याच जाळ्यावर होते ना!

या क्षेत्रातली नेहमीची शिडी थोडक्यात अशी. पुणे किंवा नवी मुंबईत एखाद्या कंपनीच्या नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये, म्हणजे 'नॉक'मध्ये, एल-१ म्हणून सुरुवात. पडद्यावर लाल झालेली लिंक बघायची, तिकीट उघडायचं, वरच्याला कळवायचं. तिथून एल-२, एल-३, मग नेटवर्क आराखडा, सुरक्षा किंवा क्लाउड. ड्युटी शिफ्टची, रात्रपाळी ठरलेली, पहिला पगार बेताचा आणि बरेचदा तिसऱ्याच कंपनीच्या पेरोलवर. हे आधी सांगून टाकलेलं बरं. सीसीएनए ही सिस्कोची परीक्षा या शिडीची पहिली पायरी मानली जाते. फी ३०० डॉलर, म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या वर, शिवाय कर. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं.

पण सोयगावच्या मुलाने या शिडीवर थेट पुण्यातूनच चढावं असा काही नियम नाही. त्याच्यासाठी खालून येणारी एक पक्की वाट आहे, ती फायबरची.

गंमत अशी की फायबरची ही काचेची तार आपल्याच जिल्ह्यात बनते. स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे ऑप्टिकल फायबरचे कारखाने वाळूज आणि शेंद्र्याला आहेत. काचेचा जाड दांडा सुमारे दोन हजार अंशांना तापवून त्यातून १२५ मायक्रॉन जाडीची तार ओढली जाते, साधारण केसाएवढी. ही तार जमिनीखालून गावोगाव टाकायचं काम केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केलेल्या योजनेतून सुरू झालं. तीच पुढे भारतनेट झाली. डिसेंबर २०१७ पर्यंत देशातल्या एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. पण केबल टाकणं आणि ती चालू ठेवणं यात फरक असतो. कुठे वीज नाही, कुठे बॅटरी गेली, कुठे रस्ता रुंदीकरणात केबल उखडली. सरळ रेषेत टाकलेली केबल एका जागी तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतची जोडणी वर्तुळाकार करायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालेल. दहा वर्षांची देखभालही त्यातच धरलेली आहे. देखभाल म्हणजे माणसं, आणि ती माणसं तालुक्यातच लागतात.

हे काम हमालीचं आहे असा एक समज आहे. तो जोडणी जवळून पाहिली की जातो. केबलचं बाहेरचं आवरण सोलायचं, आतली नळी कापायची, मग निळा, केशरी, हिरवा, तपकिरी अशा ठरलेल्या रंगक्रमाने फायबर वेगळे करायचे. रंगीत लेप स्ट्रिपरने काढला की उघडी काच हाती येते. ती अल्कोहोलने पुसायची आणि क्लीव्हरने बरोबर काटकोनात तोडायची. दोन्ही टोकं फ्युजन स्प्लायसरमध्ये समोरासमोर ठेवली की विजेच्या ठिणगीने ती वितळून एक होतात आणि पडद्यावर किती प्रकाश वाया गेला तो आकडा येतो. ०.०२ डेसिबल आला तर उत्तम, ०.१ च्या वर गेला तर तोडा आणि पुन्हा करा. नवखा हमखास विसरतो ती गोष्ट म्हणजे जोडावर चढवायची संरक्षक नळी. ती आधीच फायबरवर ओवून ठेवावी लागते. जोड झाल्यावर आठवली की सगळं पहिल्यापासून. तुटलेला काचेचा तुकडा डबीतच टाकायचा, बोटात घुसला तर सापडत नाही.

बिघाड शोधायला ओटीडीआर नावाचं यंत्र असतं. ते प्रकाशाचा झोत सोडतं आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून केबल किती अंतरावर तुटली ते सांगतं. पण यंत्र सांगतं ते केबलचं अंतर, रस्त्याचं नव्हे. जागोजागी चेंबरमध्ये केबलची वेटोळी राखून ठेवलेली असतात, ती वजा करून नेमक्या पुलापाशी जीप थांबवणं हे रस्ता माहीत असलेल्यालाच जमतं. अजिंठ्याच्या डोंगराखालच्या वाड्यावस्त्या पुण्याहून आलेल्याला नकाशावर दिसतील. इथल्या पोराला त्या पायाखालच्या आहेत.

या वाटेचं शिक्षण स्वस्त आणि सरकारी आहे. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक किंवा आयसीटी सिस्टिम मेंटेनन्सचा ट्रेड घेता येतो. तो झाला की पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बारावी विज्ञान झालेल्यांनाही थेट दुसऱ्या वर्षाच्या डिप्लोमाचा पर्याय आहे. छत्रपती संभाजीनगरला उस्मानपुऱ्यात शासकीय पॉलिटेक्निक आहे, विद्यापीठाच्या आवारात केंद्र सरकारची नाइलिट ही संस्था आहे. म्हणजे इंजिनिअरची पदवी सुटत नाही. ती हातात काम घेऊन मिळते.

फायबरवर कायम राहायचं नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. जो पोरगा पाच वर्षांनंतरही फक्त जोडच मारतो, तो ठेकेदाराच्या मर्जीवर राहतो. काम करता करता केबलच्या दोन्ही टोकांची यंत्रं शिकायची. गावाला इंटरनेट वाटणारं ओएलटी, छोट्या इंटरनेट पुरवठादारांकडे हमखास दिसणारा मायक्रोटिक राउटर, मग जाळं विभागण्याच्या आणि त्यातले रस्ते ठरवण्याच्या पद्धती, म्हणजे व्हीलॅन, ओएसपीएफ आणि बीजीपी. सरावाला क्लास लागत नाही. जाळ्याची नक्कल करणारं सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट आहे, जाळ्यातली वाहतूक दाखवणारं वायरशार्क फुकट आहे, दोन्ही साध्या लॅपटॉपवर चालतात. पुढे लिनक्स आणि थोडं पायथन, कारण शंभर राउटरची सेटिंग हाताने बदलायचे दिवस गेले. ज्याला एआयचं आकर्षण आहे त्याने ते इथे वापरावं. कॉन्फिगरेशनचा कच्चा मसुदा ते चांगला लिहितं, पण तो तपासून लावायची जबाबदारी माणसावरच राहते.

हा विषय आपल्या मुलाचा आहे का, हे तपासायला कलचाचणीचे पैसे भरायची गरज नाही. एका स्विचला दोन कॉम्प्युटर जोडले आहेत. एकाचा पत्ता १९२.१६८.१०.७०, दुसऱ्याचा १९२.१६८.१०.१३०, दोन्हींचा मास्क /२६. मध्ये राउटर नाही. एकाने दुसऱ्याला पिंग केलं तर उत्तर येईल का? येणार नाही. /२६ मध्ये ६४-६४ पत्त्यांचे गट पडतात, ७० हा ६४ ते १२७ च्या गटात आणि १३० त्यापुढच्या. गट वेगळे म्हणजे जाळी वेगळी. हे वाचून जो वही ओढून "मग /२७ केलं तर?" असं मांडायला बसतो, त्याला या क्षेत्रात पाठवावं. ज्याला जांभई येते त्याला जबरदस्तीने पाठवू नये.

आता क्लासवाल्यांविषयी. 'शंभर टक्के प्लेसमेंट', 'तीन महिन्यांत नेटवर्क इंजिनिअर' असं लिहिलेला फ्लेक्स दिसला की गेल्या तुकडीतल्या पाच मुलांशी बोलायला मागावं. टाळाटाळ झाली तर निघून यावं. परीक्षेचे फुटलेले प्रश्न पाठ करून सीसीएनए झालेला उमेदवार मुलाखतीत वरच्यासारख्या साध्या प्रश्नावर अडकतो, हे मुलाखत घेणाऱ्यालाही माहीत असतं.

आणि पालकांविषयी. कापसाच्या भरवशावर कर्ज काढायचं आणि मग पोराला रोज "तुझ्यासाठी जमीन गहाण टाकली" असं ऐकवायचं, याला आधार देणं म्हणत नाहीत. त्या ओझ्याखाली नापास झालेला मुलगा घरी सांगत नाही, वर्षभर खोलीवर बसून राहतो. भावकीतल्या कुणाचा मुलगा पुण्यात एआयला आहे म्हणून आपलाही हवा, ही चढाओढ बापांची आहे, तिची किंमत पोरांनी का मोजावी? प्रवेशासाठी देणगी घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी ती देऊन वर फुशारकी मारणारे आहेत. मुलींच्या बाबतीत तर "खांबावर चढायचं काम पोरीला कसं" एवढ्यावर विषय मिटवला जातो. नॉकमध्ये, डेटा सेंटरमध्ये, आराखड्याच्या टेबलावर खांब नसतो. तिला विचारलं तरी होतं का?

आयटीआय आणि पॉलिटेक्निकची अर्जनोंदणी निकालाच्या आसपासच सुरू होते, आणि कोट्याच्या चर्चेत कित्येक घरांतून ती मुदत निघून जाते. यंदा तो अर्ज आधी भरा. मुलाला, मुलीला शेजारी बसवून भरा, आणि पसंतीक्रम त्यांच्याच हाताने लिहू द्या.