बहिरेपण आणि मनाचे स्वास्थ्य

महाड व पोलादपूर तालुक्यांतील अनेक कुटुंबांतील मुलगे नोकरीनिमित्त मुंबईस असतात. गावची शेती व गुरेढोरे वडीलधारी माणसे सांभाळतात. अशा घरातील वृद्ध मनुष्य ओटीवरील बैठकीत येईनासा झाला, मुलाचा फोन दुसऱ्याच्या हाती देऊ लागला, म्हणजे 'वयामुळे स्वभाव बदलला' असे घरचे समजतात. पुष्कळदा खरे कारण कानात असते.

वाढत्या वयाने, तसेच भातगिरणी व मळणीयंत्र यांच्या सततच्या आवाजाने अंतःकर्णातील सूक्ष्म पेशी नष्ट होतात. त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. प्रथम बारीक, उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. त्यामुळे आवाज येतो, परंतु शब्द उमगत नाही. निसटलेले शब्द जुळविताना मन थकते. उत्तर चुकले की मंडळी हसतात. अखेर मनुष्य गप्प राहणे पत्करतो आणि एकाकीपणातून औदासीन्य येते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या, परंतु टाळता येण्याजोग्या कारणांत बहिरेपणाचा समावेश केला आहे.

जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून मोठी प्राणहानी झाली. अतिवृष्टीच्या रात्री इशाऱ्याची हाक आपणांस ऐकू येणार नाही, ही भीतीही अशा माणसाच्या मनात घर करते.

याकरिता पुढील गोष्टी कराव्यात :

१. ग्रामीण रुग्णालयात कान तपासून घ्यावेत. साचलेला मळ किंवा कानाचा पू यांवर उपचार होऊ शकतो. कानात तेल अथवा काडी घालू नये.

२. श्रवणयंत्र तपासणीनंतरच घ्यावे. त्याची सवय होण्यास काही आठवडे लागतात. तोवर ते पेटीत ठेवून देऊ नये. २०२४ साली जाहीर झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण केलेल्या पात्र व्यक्तींस अशा साधनांसाठी ३,००० रुपयांची तरतूद करण्यात आली. तिच्याविषयी समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.

३. बोलताना समोर, उजेडात उभे राहावे व सावकाश बोलावे. ओरडल्याने शब्द अधिक स्पष्ट होत नाहीत.

४. पावसाळ्यात अशा व्यक्तीस प्रत्यक्ष हात लावून जागे करण्याचे काम एका शेजाऱ्याने पत्करावे.

५. गिरणीत काम करताना कानांत बोळे घालावेत. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांहून अधिक काळ कानांवर पडणे घातक आहे.

वैरण सोडलेले जनावर शेतकरी त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवितो. बोलणे सोडलेल्या वडीलधाऱ्यांची तितकीच तातडीने विचारपूस होणे अगत्याचे आहे.