बालकांचा इसब आणि आहाराचे पथ्य

"डॉक्टर, याचे दूध बंद करू का?" इसब झालेल्या बाळाला घेऊन आलेल्या आईचा हा बहुधा पहिलाच प्रश्न असतो. पुष्कळदा दूध आधीच बंद झालेले असते. १४ महिन्यांचा असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. दूध, दही, अंडे, गहू व शेंगदाणे वर्ज्य करून त्याला केवळ भाताची पेज व मुगाचे पाणी दिले जात होते. इसब तसाच होता. वजन मात्र ७.५ किलोवर आले होते.

अमेरिकेत २००१ साली नोंदविलेले एक उदाहरण याहून गंभीर आहे. इसबाच्या एका बालकाला दुधाऐवजी तांदळाचे पेय दिल्याने प्रथिनांअभावी क्वाशिओरकर झाला.

इसबाचे मूळ प्रामुख्याने त्वचेच्या दुबळ्या आवरणात आहे. मध्यम वा तीव्र इसब असलेल्या सुमारे एकतृतीयांश बालकांना अन्नाची अ‍ॅलर्जीही असते. सौम्य इसबात ती क्वचितच आढळते. रक्ताची किंवा त्वचेची चाचणी सकारात्मक आली, एवढ्यावरून अ‍ॅलर्जी सिद्ध होत नाही. संशय बळकट असल्यास एकच पदार्थ २ ते ४ आठवडे थांबवावा व नंतर वैद्यकीय देखरेखीखाली पुन्हा देऊन पाहावा. दीर्घकाळ वर्ज्य केलेला पदार्थ पुन्हा देताना तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी ठरल्यास शेळीचे वा म्हशीचे दूध हा पर्याय नव्हे, कारण त्यांतील प्रथिने बरीचशी सारखीच असतात. टोमॅटो वा लिंबूवर्गीय रसाने ओठांभोवती येणारी लाली पुष्कळदा केवळ स्पर्शाचा दाह असते.

लंडनमधील ६४० बालकांवरील अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या या बालकांपैकी ज्यांना शेंगदाणा लवकर सुरू केला, त्यांच्यात पाचव्या वर्षी त्याची अ‍ॅलर्जी सुमारे ३ टक्के आढळली. ज्यांना तो टाळला, त्यांच्यात १७ टक्के. अर्थात अशा बालकांना तो वैद्यकीय सल्ल्यानेच, बारीक कुटाच्या रूपात द्यावा. अख्खा दाणा घशात अडकतो.

आईनेही स्तनपानाच्या काळात उगाच पथ्य पाळू नये.

त्या मुलाला टप्प्याटप्प्याने सर्व आहार दिला. आंघोळीनंतर लगेच मलम लावणे व सौम्य स्टिरॉइडचा योग्य वापर यांनी त्वचा सुधारली. ६ महिन्यांत वजनही वाढले. आजी म्हणाल्या, "आम्ही उगाच त्याच्या तोंडचा घास काढला." पथ्य हेही औषधच आहे, ते निदानाशिवाय आणि मुदतीशिवाय देऊ नये.