खारा खाऊ आणि प्रथिनांचा हिशेब

दोन जेवणांच्या मधल्या वेळी काहीतरी तोंडात टाकावे, ही इच्छा लहानथोरांस सारखीच होते. पूर्वी या खाण्याची सोय घरातील डब्यात किंवा आठवड्याच्या बाजारात होत असे. आज तो एक मोठा व्यापार झाला आहे. आशिया खंडातील शहरे वाढली, नोकरीनिमित्त घराबाहेर राहण्याचे तास वाढले आणि वाटेत खाता येईल अशा पदार्थांना मागणी आली. त्यातही खारट-तिखट आणि प्रथिनांनी युक्त अशा खाऊकडे ग्राहकांचा ओढा दिसतो. या मागणीचे मूळ कशात आहे आणि आपल्या दुधनीच्या मुलांनी तिच्यापासून काय शिकावे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथिने म्हणजे शरीराची बांधणी करणारे द्रव्य होय. स्नायू, रक्त, त्वचा, केस ही सर्व त्यांच्यावर अवलंबून असतात. म्हणून वाढत्या वयात त्यांची गरज विशेष असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये केलेल्या शिफारशीनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलास दररोज सुमारे ४५ ग्रॅम आणि मुलीस सुमारे ४३ ग्रॅम प्रथिने मिळावयास हवीत. केवळ भात किंवा नागलीची भाकरी खाऊन ही गरज भागविणे कठीण आहे, कारण १०० ग्रॅम कोरड्या तांदळात किंवा नागलीत प्रथिने अवघी सात-आठ ग्रॅम असतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील दर शंभर बालकांपैकी ३५ हून अधिक बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. याची कारणे अनेक आहेत. परंतु सकस आहाराची उणीव हे त्यांपैकी एक प्रमुख कारण होय.

आता आशियातील इतर देशांकडे पाहू या. जपानात कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा मीठ घालून उकडतात व सोलून खातात. इंडोनेशियात सोयाबीन आंबवून केलेल्या 'टेंपे'चे काप तळतात. चीनमध्ये सोयाबीनच्या दुधाचे पनीर दाबून, मसाला लावून त्याचे तुकडे विकतात. कोरियात सुकविलेला माकूल भाजून चघळतात. पाश्चात्त्य देशांत प्रथिनांचा खाऊ पुष्कळदा गोड वडीच्या रूपात विकला जातो. आशियात मात्र असा खाऊ बहुधा खारा असतो. सारांश, ही आवड कारखानदारांनी निर्माण केलेली नाही. ती जुनीच आहे. कारखानदारांनी तिला पाकिटात घातले, इतकेच.

आपल्याकडील अशा खाऊंमध्ये अग्रमान फुटाण्यांचा. भडभुंजा हरभऱ्यास पाण्याचा हात लावून ते काही काळ मुरू देतो आणि मग तापलेल्या वाळूत भाजतो. दाण्यातील ओलाव्याची वाफ होते, ती बाहेर पडण्यास धडपडते आणि साल फुटते. म्हणून तो 'फुटाणा'. भाजल्याने तो पचावयासही सोपा होतो. १०० ग्रॅम फुटाण्यांत सुमारे २० ग्रॅम, तर शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. वापीहून रेल्वेने उत्तरेकडे जाताना लागणारे भरूच शहर खाऱ्या शेंगदाण्यांसाठीच प्रसिद्ध आहे. पंढरपूरच्या प्रसादात चुरमुरे आणि फुटाणे एकत्र येतात. या जोडीत आहारशास्त्राचे मर्म आहे: तांदळाच्या प्रथिनांत जे घटक उणे असतात ते हरभरा पुरवितो आणि हरभऱ्यात जे उणे असतात ते तांदूळ पुरवितो. १९५० मध्ये म्हैसूर येथे स्थापन झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनेही शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ व भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ यांच्यापासूनच एक स्वस्त व पौष्टिक अन्न तयार केले होते. मांसाहारी घरांतील भाजलेला सुका बोंबीलही या दृष्टीने फार मोलाचा आहे.

आता हिशेब करू. आपल्या देशात २०१८ च्या नियमांनुसार एखाद्या घन पदार्थाच्या वेष्टनावर 'भरपूर प्रथिने' असे छापावयाचे असेल, तर त्याच्या १०० ग्रॅममध्ये प्रौढाच्या दैनिक गरजेचा निदान पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे ११ ग्रॅम, प्रथिने असावी लागतात. साध्या फुटाण्यांत ती याच्या जवळजवळ दुप्पट असतात. मात्र कागदाच्या पुडीवर तसे कोणी छापीत नाही! ५० ग्रॅम फुटाण्यांतून १० ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे तेरा वर्षांच्या मुलीच्या दिवसाच्या गरजेचा जवळजवळ चौथा भाग. तितक्याच बटाट्याच्या वेफर्समधून मिळतात अवघी तीन-साडेतीन ग्रॅम. आणि त्यांच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा तेलाचाच असतो.

मग मधुबन जलाशयाच्या काठी दुधनीस नौकाविहाराला येणाऱ्या मंडळींच्या हाती वेफर्सची पाकिटे का दिसतात? त्यांची निवड अगदीच निष्कारण नाही. पाकीट स्वच्छ असते, त्यावर तारीख असते आणि आपल्या मुसळधार पावसातही आतील पदार्थ कुरकुरीत राहतो. उघड्या पुडीतील फुटाणे मात्र सादळतात. तेव्हा गुण फुटाण्यांत आणि सोय पाकिटात, अशी स्थिती आहे. दोहोंचा मेळ घालणे अशक्य नाही. ताजे भाजलेले फुटाणे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले तर घरातही ते टिकतात. आणि गावातील बचतगटांनी ते स्वच्छ, हवाबंद पिशव्यांत भरून वजन व तारीख घालून विकले, तर पाहुण्यांच्या मागणीतून गावात चार पैसेही येतील.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे; म्हणून खारा खाऊ बेतानेच खावा. तसेच मूठभर फुटाणे म्हणजे जेवण नव्हे. वरण, उसळ, भाजी यांची जागा ते घेऊ शकत नाहीत.

विद्यार्थी बंधुभगिनींनो, पुढच्या वेळी एखादे पाकीट विकत घ्याल तेव्हा त्याच्या दर्शनी चित्राऐवजी मागचा बारीक मजकूर वाचा. १०० ग्रॅममध्ये प्रथिने किती, मीठ किती, तेल किती हे वहीत लिहा आणि तितक्याच पैशांत फुटाणे किती आले असते तेही शेजारी मांडा. शाळेत शिकलेल्या त्रैराशिकाचा याहून चांगला उपयोग आम्हांस सुचत नाही.