मेजर घरी आले, आता?

आपल्या बीड जिल्ह्यात, त्यातही आष्टी-पाटोद्याकडं, फौजी निवृत्त होऊन आला की गाव मिरवणूक काढतं. उघडी जीप, फेटे, गुलाल, दारोदारी ओवाळणी. हुद्दा हवालदाराचा असो की सुभेदाराचा, गावाला तो ‘मेजर’च. काढा मिरवणूक, माणसानं बर्फात अन्‌ वाळूत उमेदीची वर्षं घातलेली असतात. मला बोलायचंय ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं. मीही फौजीचीच बायको, म्हणून हे जरा घरातलं बोलते.

जवानाला वर्षाला साठ दिवसांची रजा, वर तीस दिवस नैमित्तिक. ऐकायला तीन महिने. पण ती मिळते तुकड्या-तुकड्यानं, आणि दिवाळीलाच मिळेल असंही नाही. त्यातले काही दिवस प्रवासात जायचे. बीडला रेल्वे आली ती २०२५च्या सप्टेंबरात. तोवर नगरला उतरायचं आणि काळी पेटी एसटीच्या टपावर टाकायची. असा बाप लेकरांना कसा दिसणार? एक तर कॅन्टीनचा खाऊ घेऊन येणारा पाहुणा, नाहीतर धाक. हा धाक आपणच घालतो, बायांनो. “पप्पांना येऊ दे, मग सांगते!” वर्षानुवर्षं हेच ऐकलेली पोर पप्पा कायमचे आले म्हणून पळत जाऊन गळ्यात पडेल कशी?

इकडं मेजरांचं वय चाळिशीच्या आसपास. पहाटे पाचला जाग येते, सातपर्यंत सगळ्यांच्या अंथरुणाच्या घड्या झालेल्या हव्या असतात. दहावीतली मुलगी दार लावून घेते. “या घरात शिस्तच नाही,” हे वाक्य पहिल्या महिन्यातच निघतं. मेजर, रागावू नका, पण शिस्त नव्हती तर पीकविमा कुणी भरला? म्हाताऱ्यांचा दवाखाना, सोसायटीचं कर्ज, शाळेतल्या पालकसभा, बोअर आटल्यावर टँकरची धावाधाव, हे सगळं तुमच्याविना झालं. तुम्ही जिथं होतात तिथून ते दिसणं शक्यच नव्हतं. म्हणून आल्या आल्या घराचा ताबा मागू नका. एखादं काम मागून घ्या. मुलीला क्लासला सोडायचं, एवढंच घ्या. गाडीवर मागं बसलेली पोर समोर न बघता बरंच बोलून जाते. तेव्हा उपदेश तेवढा आवरा.

आणि आपण बायकांनी किल्ल्या जरा सैल सोडाव्यात. बँकेत सहीला आपणच गेलो की काम लवकर होतं, खरंय. तरी त्यांना बरोबर न्या.

हे फक्त फौजींच्या घरचं दुखणं आहे असं समजू नका. दिवाळीच्या आगेमागे कोयते घेऊन ऊसतोडीला निघालेले आईबाप उन्हाळ्याच्या तोंडाला परततात, तेव्हा आजीपाशी राहिलेलं लेकरूही असंच दाराआड उभं राहतं. फरक इतकाच, की त्यांची कुणी मिरवणूक काढत नाही.

आता भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या आईबापांशी दोन शब्द. पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं बघितली की अविनाश साबळेचं नाव निघतंच. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा मुलगा. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचिनला राहिला. पळण्याकडं वळला तो त्यानंतर, आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण घेऊन आला. अभिमान आहेच. पण तुमचा मुलगा आज जातोय तो अग्निवीर म्हणून, चार वर्षांसाठी. पुढं कायम होणार ते शंभरात जास्तीत जास्त पंचवीस. बाकीचे पंचविशीच्या आसपास घरी येतील, साधारण पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन.

त्या पैशावर बहिणीचं लग्न आणि स्लॅब आत्तापासूनच ठरवलेली घरं मी पाहिलीत. तसं ठरवू नका. तो सुट्टीवर आला की पुढं काय शिकायचं मनात आहे, ते विचारा. गावातल्या निवृत्त मेजरकडं त्याला तासभर बसवा आणि तिथून आपण उठून जा; आईबापांसमोर ते दोघं मोकळं बोलणार नाहीत.