पडद्यावरचं बाळंतपण आणि आपलं

सिनेमात नायिका अचानक किंचाळते, पाणी फुटतं, गाडी सुसाट निघते आणि पाच मिनिटांत बाळ रडतं. मधेच डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, ‘आईला वाचवू की बाळाला?’ असा सौदा आम्ही डॉक्टर नातेवाइकांपुढे कधीच ठेवत नाही.

हे चित्र मनात ठसलं, की नुकसान होतं. ‘पाणी गेलं नव्हतं, म्हणून घरीच थांबलो,’ असं पहिलटकरणीची माणसं सांगतात. खरं तर कळांच्या आधी पाणी फुटणं दहातल्या एखादीच्याच बाबतीत घडतं. पहिल्या खेपेला कळा १२ तास किंवा त्याहून जास्तही चालतात. हा वेळ दवाखाना गाठण्यासाठी आहे. आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलातल्या गावांना तर पावसाळ्यात तो पुरत नाही.

२००९च्या ‘थ्री इडियट्स’मध्ये घरगुती व्हॅक्यूम क्लीनरने बाळ काढलेलं सगळ्यांच्या लक्षात आहे. आम्ही वापरतो त्या व्हॅक्यूमचा दाब मोजलेला असतो आणि बाळाचं डोकं कुठवर उतरलं, हे तपासल्याशिवाय तो लावत नाहीत. २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला एका शिक्षिकेचं बाळंतपण घरीच, यूट्यूबवरचे व्हिडिओ पाहून केलं गेलं. बाळ वाचलं, आई रक्तस्रावाने गेली. बाळ रडलं की सिनेमा संपतो; आईचा सर्वांत नाजूक काळ मात्र तिथून सुरू होतो. वार पूर्ण पडली का, गर्भाशय घट्ट झालं का, हे हाताने तपासावं लागतं. रक्तस्राव टळावा म्हणूनच बाळ जन्मताच आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात.

पोटाच्या आकारावरून मुलगा-मुलगी सांगणारी रील्स निव्वळ खोटी आहेत, त्यावर शब्द खर्चत नाही.

पडद्यावर न दिसणारी लक्षणं मात्र लक्षात ठेवा: सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं. यात किंचाळणं नसतं, त्यामुळे घरचे दुर्लक्ष करतात. यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, निघा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. रक्तदाब आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, तीही तपासणी करा. गाव लांब असेल तर बाळंतपणाच्या तारखेच्या आठवडाभर आधी दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे किंवा सोय असेल तिथे माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहण्यासाठीच्या सरकारी जागेत, या. १०२ आणि १०८ हे नंबर सासूबाईंच्या मोबाइलमध्येही आजच टाकून ठेवा.