बदलीचे गाव आणि तेथील मंडई

बँकेच्या नोकरीत बदली अटळ असते. पुण्याच्या, नागपूरच्या किंवा सांगलीच्या शाखेतून चेन्नईला जाण्याचा आदेश हाती पडला की घरात प्रथम चर्चा होते ती मुलांच्या शाळेची आणि भाड्याच्या घराची. भाजी कोठून आणावयाची, हा प्रश्न त्या यादीत शेवटी असतो. बिऱ्हाड थाटल्यावर मात्र दररोज सामोरा येतो तो हाच प्रश्न. भाषा येत नाही, नावे कळत नाहीत, म्हणून अनेक कुटुंबे वातानुकूलित दुकानातील फ्लॉवर, कोबी, बटाटा आणि गाजर एवढ्यावरच महिने काढतात. चेन्नईत या भाज्यांना ‘इंग्लिश’ भाज्या म्हणतात आणि त्या बऱ्याच अंशी थंड हवेच्या प्रदेशांतून येतात. जवळच्या शेतांत पिकणाऱ्या ‘नाट्टु’ म्हणजे देशी भाज्या ताज्या असतात आणि बहुधा स्वस्तही. त्यांच्याकडे पाठ फिरविल्याने घरखर्चाचे अंदाजपत्रक पहिल्याच महिन्यात बिघडते. याहून मोठा तोटा दुसराच आहे. घरी राहणाऱ्या व्यक्तीला दिवसभरात दोन शब्द बोलावयास कोणी भेटत नाही, आणि ‘येथे मन रमत नाही’ ही तक्रार सुरू होते. मंडईत जाऊ लागल्यावर या दोन्ही गोष्टींवर एकदमच इलाज होतो.

मराठी माणसाला तेथे प्रथम गोंधळात टाकतो तो ‘काय’ हा शब्द. आपल्याकडे तो प्रश्न आहे. तमिळमध्ये ‘काय’ म्हणजे न पिकलेले फळ आणि त्यावरूनच फळभाजी. वेंडक्काय म्हणजे भेंडी, कत्तरिक्काय म्हणजे वांगे, मुरुंगैक्काय म्हणजे शेवग्याची शेंग, पुडलंगाय म्हणजे पडवळ, कोत्तवरंगाय म्हणजे गवार. फळ पिकले की ‘काय’चे ‘पळम’ होते. मांगाय ही कैरी, तर मांपळम हा आंबा. वाळैक्काय हे भाजीचे कच्चे केळे, तर वाळैप्पळम हे पिकलेले. जमिनीखाली वाढते ते ‘किळंगु’: सेनैक्किळंगु म्हणजे सुरण, सेप्पंकिळंगु म्हणजे अळकुडी. पालेभाजीला ‘कीरै’ म्हणतात. एवढे चार शब्द पाठ झाले की निम्मी मंडई वाचता येऊ लागते. उत्तरेकडून आलेल्यांना ‘ळ’ उच्चारताना जीभ वळवावी लागते. मराठी माणसाची ती अडचण आधीच सुटलेली असते. ‘पळम’मधील तमिळ ध्वनी आपल्या ‘ळ’हून थोडा वेगळा आहे खरा, पण विक्रेते तेवढे समजून घेतात.

पालेभाज्यांच्या बाबतीत चेन्नई अनेक मराठी शहरांहून श्रीमंत म्हणावी लागेल. माठाचेच अनेक प्रकार एका टोपलीत दिसतात. शेवग्याचा पाला (मुरुंगैक्कीरै), हादगा (अगत्ति), मेथी (वेंदयक्कीरै), अंबाडी (पुळिच्चक्कीरै) या ओळखीच्या भाज्या नव्या नावांनी भेटतात. ‘मणत्तक्काळि’ म्हणजे आपली कामोणी. महाराष्ट्रात ती बांधावर उगवते आणि बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. तेथे तिच्या जुड्या विकल्या जातात आणि तोंड आले असता ती आवर्जून खाल्ली जाते. कांद्याचेही दोन प्रकार मागावे लागतात. सांबारासाठी बारीक ‘चिन्न वेंगायम’ आणि एरवीसाठी मोठा ‘पेरिय वेंगायम’. हा मोठा कांदा पुष्कळदा नाशिककडूनच आलेला असतो.

शहराच्या घाऊक व्यापाराचा इतिहासही मराठी कानाला परका वाटत नाही. १९९६ पर्यंत भाजीचा घाऊक बाजार जॉर्ज टाउनमधील ‘कोत्तवाल चावडी’ येथे भरत असे. त्याला लागून असलेली वस्ती म्हणजे सौकारपेट. कोतवाल, चावडी, सावकार, पेठ हे सारे शब्द आपल्याच व्यवहारातले. अरुंद गल्ल्यांत मालमोटारींची कोंडी असह्य झाल्यावर हा बाजार त्या वर्षी कोयंबेडू येथे हलविण्यात आला. सुमारे २९५ एकरांच्या त्या संकुलात भाजी, फळे आणि फुलांचे तीन हजारांहून अधिक गाळे आहेत. मालमोटारी रात्री येतात आणि खरी उलाढाल उजाडण्यापूर्वीच उरकते. २०२० च्या मे महिन्यात करोनाच्या साथीमुळे हा बाजार बंद करून भाजीचा घाऊक व्यवहार शहराबाहेर तिरुमळिसै येथे न्यावा लागला होता. सप्टेंबरअखेरीस तो परत आला. एका बाजारावर एवढे मोठे शहर किती अवलंबून आहे, याची कल्पना त्या काही महिन्यांत सर्वांना आली.

मासे खाणाऱ्या कुटुंबांनी कासिमेडूचे बंदर पाहावे. सुरमईला तेथे वंजरम म्हणतात, पापलेटला वव्वाल आणि कोळंबीला इराल. मात्र कोकणातील पंचांग येथे चालत नाही. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते; पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून असते. ऐन मे महिन्यात, कोकणात ताजी मासळी मिळत असताना, चेन्नईत मोठ्या बोटी नांगरलेल्या असतात आणि भाव चढलेले असतात.

ओळखीची चव शोधणाऱ्यांचीही निराशा होत नाही. पश्चिम मांबलममध्ये ‘पोळी’ मागितली तर पुरणाचीच पोळी मिळते. उन्हाळ्यात हातगाडीवर मिळणारे बाजरीचे ‘कूळ’ हे आपल्या आंबिलीचे सख्खे भावंड. तंजावरला व्यंकोजीराजांच्या वंशजांचे राज्य १८५५ पर्यंत होते, आणि सरफोजीराजे दुसरे यांच्या काळातील पाककृतींचे मराठी हस्तलिखित तेथील सरस्वती महाल ग्रंथालयाने जतन केले आहे. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडले, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी हे बरे.

पण रोजच्या व्यवहारासाठी मैलापूरच्या कपालीश्वर मंदिराभोवतीचे माडा रस्ते सर्वांत उपयोगी. तेथील पदपथावर बसणाऱ्या बायकांकडे कोयंबेडूपेक्षा भाव अधिक असतो, आणि नवागत ग्राहक त्याबद्दल कुरकुरतो. त्या फरकाचा हिशेब समजून घेण्याजोगा आहे. अंधारात उठून घाऊक बाजार गाठणे, टेम्पोचे भाडे, उन्हाने सुकणारा पाला, संध्याकाळी उरलेला आणि फेकून द्यावा लागणारा माल, हे सारे त्यात येते. शिवाय येते ते व्याज. रोजचे भांडवल पुष्कळदा ‘तंडल’वर उभे केलेले असते. समजा, विक्रेतीच्या हाती ८,५०० रुपये पडले आणि तिने रोज १०० रुपयांप्रमाणे १०० दिवस फेड केली. दिसावयास व्याज १,५०० रुपयेच. पण मुद्दल रोज कमी होत जाते हे लक्षात घेता वार्षिक दर १२० टक्क्यांच्या आसपास जातो. तमिळनाडूने २००३ मध्ये अवाजवी व्याजाविरुद्ध कायदा केला, त्यात ‘तंडल’ हा शब्द नावानिशी आलेला आहे. तरीही कर्ज दारात आणून देणारा माणूस लांबच्या शाखेपेक्षा जवळचा वाटतो. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेने पदपथावरील विक्रेत्यांना विनातारण १०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज बँकांमार्फत उपलब्ध करून दिले, आणि वेळेवर फेड करणाऱ्यास ७ टक्के व्याज अनुदान व पुढील मोठ्या कर्जाची वाट मोकळी केली. २०२५ मध्ये पहिल्या कर्जाची मर्यादा १५,००० रुपये करण्यात आली. टोपलीशेजारी क्यूआर संकेताची पाटी दिसते, तेव्हा डिजिटल देयकांबरोबरच पतनोंदीचीही ती सुरुवात असते.

याच टोपल्यांपाशी ‘कोसुरु’ नावाची प्रथा टिकून आहे. भाजी तोलून, पैसे मोजून झाले की पिशवीत वरून कढीपत्त्याची काडी आणि मूठभर कोथिंबीर पडते. तिचे पैसे घेतले जात नाहीत. ती मागून मिळते, तशीच न मागताही मिळते. पण दुसरी गोष्ट घडण्यास काही आठवडे त्याच टोपलीशी जावे लागते. सकाळी अगदी लवकर गेल्यास घासाघीस टाळावी, कारण दिवसाच्या पहिल्या विक्रीला तेथे फार महत्त्व आहे. विक्रेती घेतलेले पैसे डोळ्यांना लावते आणि ‘बोणी’ असे म्हणते. त्या शब्दाचा अर्थ मराठी ग्राहकाला कोणी सांगावा लागत नाही.